पाळी गेल्यानंतरचे शरीरसंबंध: दुखणे वेगळे, इच्छा वेगळी

पन्नाशीच्या आसपासची बाई "आता त्यात मन लागत नाही" असे म्हणाली, की घरचे, मैत्रिणी आणि कित्येकदा डॉक्टरसुद्धा ते वयाच्या खात्यावर टाकून मोकळे होतात. या एका वाक्यात मात्र दोन निरनिराळ्या तक्रारी असू शकतात. पहिली शरीराची आहे: योनिमार्ग कोरडा पडला आहे, संबंधाच्या वेळी आग होते, दुखते. दुसरी मनाची आहे: दुखत काहीच नाही, पण इच्छा पूर्वीसारखी होत नाही. पुष्कळ जणींना दोन्ही तक्रारी एकत्र असतात आणि बऱ्याचदा पहिलीतूनच दुसरी निर्माण झालेली असते, कारण जे प्रत्येक वेळी दुखते ते हवेसे वाटणे कठीणच. तरीही त्यांची कारणे वेगळी आहेत, उपचार वेगळे आहेत आणि यशाचे प्रमाणही वेगळे आहे. दुखण्यावर आज स्वस्त आणि खात्रीचे उपाय उपलब्ध आहेत. इच्छेचे गणित अधिक गुंतागुंतीचे आहे. म्हणून आधी पहिली तक्रार घेऊ.

सलग बारा महिने पाळी आली नाही आणि त्यामागे गरोदरपण किंवा औषधे असे दुसरे कारण नसेल, तर रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते. भारतीय स्त्रियांमध्ये ती सरासरी ४६-४७ व्या वर्षाच्या सुमारास येते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. त्याआधीची काही वर्षे पाळी अनियमित होते, गरम वाफा येतात, घाम सुटतो, झोप मोडते. या तक्रारी त्रासदायक असल्या तरी बहुतेक जणींमध्ये काही वर्षांनी आपोआप ओसरतात आणि त्यामुळेच एक गैरसमज पक्का झाला आहे, की पाळी जाण्याशी संबंधित सगळेच काही काळाने आपसूक ठीक होते. योनिमार्गाच्या कोरडेपणाचे तसे नाही. तो उशिरा सुरू होतो, बऱ्याचदा पाळी जाऊन दोन-चार वर्षे उलटल्यावर, आणि उपचार केले नाहीत तर वर्षागणिक वाढत जातो.

याचे कारण इस्ट्रोजेन हे संप्रेरक आहे. योनिमार्गाचे अस्तर जाड, लवचीक आणि ओलसर राहावे, तिथला रक्तपुरवठा भरपूर असावा, ही कामे इस्ट्रोजेनवर अवलंबून असतात. बीजांडकोशांनी ते तयार करणे जवळजवळ थांबवले की अस्तर पातळ होते, त्याच्या घड्या सपाट होतात, संबंधाच्या वेळी सुटणारा ओलावा कमी होतो आणि तो सुटायला वेळही जास्त लागतो. अस्तराच्या पेशींमध्ये साठणारी ग्लायकोजेन ही शर्करा कमी झाल्यामुळे तिच्यावर पोसले जाणारे लॅक्टोबॅसिलस जातीचे उपकारक जिवाणू घटतात. हे जिवाणू योनिमार्गात आम्लता टिकवून ठेवतात. तरुणपणी ३.८ ते ४.५ इतका असणारा तिथला पीएच (हा आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) नंतर ५ च्या वर जातो आणि एरवी ज्यांना थारा मिळाला नसता असे जंतू तिथे वाढू लागतात. लघवीचा मार्ग आणि मूत्राशयाचा खालचा भागही इस्ट्रोजेनवरच पोसलेला असल्यामुळे वारंवार लघवीला होणे, घाईने जावे लागणे, उन्हाळी लागल्यासारखी जळजळ होणे हे सगळे त्याच एका कारणाचे परिणाम असतात. हे ध्यानात घेऊन २०१४ मध्ये या क्षेत्रातल्या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी योनिमार्गाच्या आणि लघवीच्या तक्रारींना 'जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज' असे एकच नाव दिले. पाळी गेलेल्या स्त्रियांपैकी साधारण निम्म्या जणींना तो कमीअधिक प्रमाणात होतो.

आपल्याकडे ही तक्रार दवाखान्यात बहुधा लघवीच्या वाटेने येते. बाई सांगते की वर्षात कितीदा तरी लघवीला आग होते, प्रत्येक वेळी प्रतिजैविकांचा कोर्स झाला, तरी पुन्हा तेच. फायलीतले लघवीचे कल्चर पाहावे तर कधी जंतू सापडलेले असतात, कधी अहवाल अगदी स्वच्छ असतो. डॉक्टरांनी "संबंधाच्या वेळी काही त्रास होतो का?" एवढे विचारले, तर उत्तर येते, "नाही हो मॅडम, आता तसे काही नसतेच." ते का नसते, हा पुढचा प्रश्न विचारला गेला तरच कळते की मध्यंतरी दोन-तीनदा फार दुखले, एकदा थोडे रक्तही दिसले, म्हणून तिने आपले अंथरूण नातीच्या खोलीत नेले. नवऱ्याला वाटले हिला आता आपण नकोसे झालो. तिला वाटले वय झाले. प्रत्यक्षात कारण मिलिमीटरभरही जाड नसलेल्या अस्तराशी संबंधित होते.

दुखण्याचा एक पुढचा टप्पाही असतो. दोन-चारदा दुखल्यानंतर ओटीपोटाच्या तळाशी असलेले स्नायू पुढच्या वेळी आधीच आवळले जातात. हे जाणूनबुजून होत नाही. चटका बसलेला हात जसा आपोआप मागे येतो, तशी ती प्रतिक्रिया असते. आवळलेल्या स्नायूंमुळे जास्त दुखते आणि जास्त दुखल्यामुळे ते आणखी आवळतात. अशा वेळी अस्तर औषधाने सुधारले तरी स्नायूंची सवय मोडायला ओटीपोटाच्या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टची मदत लागते. स्नायू सैल सोडायला शिकवणे हा त्यातला मुख्य भाग आहे. पुण्या-मुंबईसारख्या शहरांत असे फिजिओथेरपिस्ट आता मिळू लागले आहेत, मात्र त्यांच्याकडे बहुतेक स्त्रिया बाळंतपणानंतरच्या तक्रारींसाठी जातात आणि पाळी गेल्यानंतरच्या दुखण्यावरही त्यांचा उपयोग होतो हे फारसे कुणी सांगत नाही.

आता उपचार. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. मॉइश्चरायझर हे अस्तरात ओलावा धरून ठेवण्यासाठी असते. ते आठवड्यातून दोन-तीनदा, संबंध असोत वा नसोत, नियमाने लावायचे असते. ल्युब्रिकंट जेली मात्र फक्त त्या वेळेपुरती, घर्षण कमी करण्यासाठी असते आणि ती दोघांनीही वापरायची असते. दोन्ही विकत घेताना सुगंध, रंग, 'गरमी देणारा' वगैरे जाहिराती असलेले प्रकार टाळावेत. काही स्वस्त जेलींमध्ये ग्लिसरीन इतके जास्त असते की ते उलट अस्तरातलेच पाणी ओढून घेते आणि नंतर आग होते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने जेलीची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे तिच्यात विरघळलेल्या पदार्थांच्या प्रमाणाचे माप, १२०० च्या वर नसावी, शक्यतो ३८० च्या खाली असावी, असे सुचवले आहे. पाकिटावर हा आकडा छापलेला असेलच असे नाही, पण एखाद्या जेलीने आग झाली तर दोष आपल्या शरीराचा न मानता जेली बदलून पाहावी. खोबरेल तेल अनेक जणी वापरतात आणि पुष्कळ जणींना ते मानवते. मात्र कंडोम वापरत असाल तर तेल नको, कारण तेलाने लेटेक्स कमकुवत होऊन फाटते. साबण, सुगंधी 'इंटिमेट वॉश' किंवा जंतुनाशक द्रावणाने आतून धुणे पूर्ण बंद करावे. पातळ झालेल्या अस्तरावर हा मारा म्हणजे त्रास विकत घेणेच होय.

एवढ्याने भागले नाही तर खरा परिणाम करणारे औषध म्हणजे योनिमार्गात लावायचे अल्प मात्रेतले इस्ट्रोजेन. इस्ट्रिऑल या सौम्य इस्ट्रोजेनचे मलम भारतात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. साधारण पद्धत अशी असते: पहिले दोन आठवडे रोज रात्री झोपताना, ॲप्लिकेटरने किंवा स्वच्छ बोटाने, सांगितलेल्या मात्रेत आत लावायचे, थोडे बाहेर योनिमुखाशीही लावायचे, कारण आग बहुतेकदा तिथेच जास्त होते. त्यानंतर आठवड्यातून दोन रात्री चालू ठेवायचे. मलम लावल्यानंतर लगेच संबंध ठेवू नयेत. ते औषध आहे, जेली नव्हे. फरक दोन-तीन आठवड्यांत जाणवू लागतो, पुरता गुण यायला तीन महिनेही लागू शकतात. लघवीचे वारंवार होणारे संसर्गही याने कमी होतात. येथेच एक घोटाळा होतो: बरे वाटले की मलम बंद केले जाते आणि काही महिन्यांत तक्रार परत येते. इस्ट्रोजेनची उणीव कायमची असल्यामुळे हा उपचारही दीर्घकाळ चालणारा आहे.

मलमाच्या खोक्यातला कागद वाचून मात्र अनेक जणी ते न उघडताच कपाटात ठेवून देतात. या भीतीला इतिहास आहे. २००२ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या अभ्यासाचा इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन संप्रेरके एकत्र देणारा भाग मध्येच थांबवण्यात आला. गोळ्या घेणाऱ्या १०,००० स्त्रियांमागे वर्षाला ३८ जणींना स्तनाचा कर्करोग झाला होता, न घेणाऱ्यांमध्ये ३० जणींना. म्हणजे दहा हजारांत आठ जास्त. जगभरच्या मथळ्यांतून हा हिशोब हरवला, धास्ती तेवढी उरली. त्यातल्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते आणि त्या तोंडावाटे संपूर्ण शरीरात जाणारी संप्रेरके घेत होत्या. योनिमार्गात लावलेल्या अल्प मात्रेपैकी रक्तात फारच थोडा अंश उतरतो, तरीही कर्करोगाचा तोच इशारा या मलमांच्या पाकिटांवरही छापला जात राहिला. अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेने, एफडीएने, अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये हे ठळक चौकटीतले इशारे काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रियांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांनी आधी मॉइश्चरायझर आणि जेली वापरून पाहावी, आणि इस्ट्रोजेनचा विचार कर्करोगतज्ज्ञांशी बोलूनच करावा, विशेषतः शरीरातले इस्ट्रोजेन घटवणाऱ्या ॲरोमॅटेज इन्हिबिटर प्रकारच्या गोळ्या चालू असतील तर. 'योनिमार्ग पुन्हा तरुण करणाऱ्या' लेझरच्या महागड्या पॅकेजविषयी एवढेच सांगतो, की एफडीएने २०१८ मध्येच त्या दाव्यांविरुद्ध इशारा दिला होता आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत खरा लेझर आणि खोटा लेझर यांच्या परिणामांत फरक आढळला नाही.

दुखणे थांबल्यावर कित्येक जणींची इच्छा आपसूक परतते. सगळ्यांची परतत नाही, आणि इथून पुढे प्रश्न केवळ अस्तराचा राहत नाही.

इच्छा म्हणजे अचानक उठणारी ओढ, अशी आपली समजूत असते. कॅनडातल्या डॉ. रोझमेरी बॅसन यांनी २००० च्या सुमारास वेगळे चित्र मांडले. दीर्घकाळच्या सहजीवनात पुष्कळ स्त्रियांची इच्छा आधी येत नाही. जवळीक, स्पर्श, निवांतपणा मिळाला, शरीर प्रतिसाद देऊ लागले की मग ती जागी होते. म्हणजे 'मला आपणहून वाटत नाही' याचा अर्थ 'माझ्यात काही उरले नाही' असा होत नाही. पाळी जाण्याच्या सुमारास आपणहून उठणारी ओढ मंदावते हे मात्र खरे आहे. अमेरिकेतल्या विविध वंशांच्या स्त्रियांचा १९९६ पासून वर्षानुवर्षे पाठपुरावा करणाऱ्या 'स्वॅन' अभ्यासात, शेवटच्या पाळीच्या सुमारे २० महिने आधीपासून लैंगिक कार्यात घट सुरू होते असे दिसले. नंतर तिचा वेग कमी होतो. याला टेस्टोस्टेरॉन (स्त्रियांच्या शरीरातही थोडे असणारे 'पुरुषी' संप्रेरक) एकदम आटणे कारणीभूत आहे, असे सर्रास सांगितले जाते, पण ते खरे नाही. स्त्रियांच्या शरीरातले टेस्टोस्टेरॉन विशीनंतरच हळूहळू उतरत असते. नैसर्गिक रजोनिवृत्तीत ते एका रात्रीत कोसळत नाही आणि त्यानंतरही बीजांडकोश ते थोडेफार तयार करत राहतात.

मग या वयात आणखी काय बदलते? रात्री घामाने तीनदा जाग येणारी बाई दिवसभर थकलेली असते. नैराश्यावरच्या एसएसआरआय गटातल्या गोळ्या इच्छा आणि कामसुखाचा परमोच्च बिंदू या दोन्हींवर परिणाम करतात, रक्तदाबावरच्या काही गोळ्याही करतात. मधुमेह आणि थायरॉइड हेही हजर असतात. घरात सासूचे आजारपण, मुलीचे बाळंतपण, मुलाच्या लग्नाची बोलणी. वन रूम किचनमध्ये लग्न झालेला मुलगा राहत असेल तर एकांत नावाची वस्तूच नसते. आणि ज्या नवऱ्याशी दिवसभर धड बोलणे होत नाही, त्याच्याविषयी रात्री दहाला ओढ वाटावी ही अपेक्षाच अजब आहे. यांतल्या प्रत्येक गोष्टीला औषध नाही, पण काहींना नक्की आहे. गोळी बदलता येते, झोप सुधारता येते, गरम वाफांवर उपचार करता येतात. साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या, अन्यथा निरोगी स्त्रियांसाठी गोळ्या किंवा त्वचेवरच्या पट्ट्यांतून दिली जाणारी संप्रेरके हा फायद्यातोट्याचा विचार करून निवडता येणारा पर्याय आहे.

एवढे सगळे तपासूनही इच्छा नसेल आणि त्याचा त्या स्त्रीला स्वतःला त्रास होत असेल, तरच वैद्यकशास्त्र त्याला विकार म्हणते. ही अट महत्त्वाची आहे. इच्छा कमी झाली आणि त्यात ती सुखी आहे, तर तिला कोणताही आजार नाही. नवऱ्याची तक्रार हा तिच्या आजाराचा पुरावा होत नाही. त्रास होत असलेल्या स्त्रियांसाठी २०१९ मध्ये अनेक आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून टेस्टोस्टेरॉनविषयी एकत्रित भूमिका प्रसिद्ध केली. पाळी गेलेल्या स्त्रियांना, फक्त याच कारणासाठी, तरुण स्त्रीच्या पातळीइतकीच मात्रा त्वचेवाटे देता येते, असे त्यात म्हटले आहे. रक्तातले टेस्टोस्टेरॉन मोजून निदान होत नाही, असेही त्यात स्पष्ट आहे, तेव्हा त्या तपासणीवर पैसे घालण्याची घाई नको. अडचण अशी की बहुतेक देशांत स्त्रियांच्या मात्रेचे उत्पादनच नाही. पुरुषांसाठीची जेल अगदी थोड्या प्रमाणात, रक्ततपासणीच्या देखरेखीखाली वापरावी लागते. जास्त झाली तर चेहऱ्यावर केस, मुरमे आणि घोगरा आवाज असे परिणाम होतात आणि आवाजातला बदल कायमचा ठरू शकतो. हे प्रकरण अनुभवी डॉक्टरांशिवाय हाताळू नये.

ज्यांची पाळी शस्त्रक्रियेने गेली त्यांची गोष्ट निराळी. दोन्ही बीजांडकोश काढले तर इस्ट्रोजेन एकदम कोसळते आणि टेस्टोस्टेरॉन जवळजवळ निम्म्यावर येते, त्यामुळे सगळे त्रास एकदम आणि अधिक तीव्रतेने सुरू होतात. महाराष्ट्राला हा विषय परका नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या 'पिशवी काढण्या'च्या शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली, तेव्हा पाहणीतल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत काम बुडून खाडा पडू नये, हे त्यामागच्या कारणांपैकी एक होते. यातल्या कित्येक जणी तेव्हा चाळिशीच्याही आतल्या होत्या. गर्भपिशवी काढली आणि बीजांडकोश ठेवले तर रजोनिवृत्ती लगेच येत नाही, फक्त काहीशी लवकर येण्याची शक्यता असते. म्हणून "माझे बीजांडकोश ठेवले की काढले?" हा प्रश्न विचारून डिस्चार्ज कार्डावर ते पाहून घेणे गरजेचे आहे. कमी वयात दोन्ही काढले असतील आणि हरकतीचे कारण नसेल, तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरके देण्याची शिफारस केली जाते. ती केवळ संबंधांसाठी नसून हाडे आणि हृदयासाठीही आहे.

दुसऱ्या टोकाला अशाही स्त्रिया आहेत ज्यांना पाळी गेल्यावर मोकळे वाटते: पॅड नाहीत, दिवस राहण्याची धास्ती नाही, मुले आपापल्या मार्गाला लागलेली. त्यांच्याविषयी कुणी लिहीत नाही, कारण त्या तक्रार घेऊन येत नाहीत. त्यांनी एवढे लक्षात ठेवावे: पन्नाशीनंतर पाळी थांबली असेल तर एक वर्ष आणि पन्नाशीच्या आत थांबली असेल तर दोन वर्षे गर्भनिरोधन चालू ठेवावे. नव्या जोडीदाराच्या बाबतीत कंडोमचे कारण वेगळे आहे, ते वयाने संपत नाही. उलट पातळ अस्तराला सूक्ष्म जखमा लवकर होत असल्याने संसर्गाचा धोका वाढतो.

काही लक्षणे मात्र कोरडेपणावर ढकलू नयेत. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर अंगावर एक थेंब जरी रक्त दिसले, संबंधानंतर दिसले तरीही, तपासणी करून घ्यावी. बहुतेकदा कारण साधेच निघते, पण अशा रक्तस्रावात गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे दहात एक इतके आहे. योनिमुखाभोवती पांढरे डाग आणि रात्री झोप मोडणारी खाज असेल तर तो लायकेन स्क्लेरोसस हा त्वचेचा विकार असू शकतो. त्याचे औषध वेगळे, तीव्र स्टेरॉइडचे मलम असते, आणि बुरशीची औषधे लावत बसल्याने वेळ तेवढा जातो.

राहता राहिला नवरा. या वयात त्याच्या बाजूनेही ताठरता कमी होणे, मधुमेह, रक्तदाब हे चालू झालेले असते. तो गुपचूप औषधाच्या दुकानातून सिल्डेनाफिल ही ताठरतेसाठीची गोळी आणतो आणि घरी जिचे अस्तर कोरडे पडले आहे, जिला उपचार काय असतात हेच माहीत नाही, तिच्यावर त्या गोळीचा परिणाम येऊन आदळतो. तिचे दुखणे त्यामुळे वाढते, नकार वाढतो आणि दोघांत अबोला येतो. म्हणून पुरुषाला ही गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी पत्नीला काही त्रास होतो का हे विचारायला हवे, आणि स्त्रीला मलम लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी पुढच्या भेटीला यजमानांना बरोबर आणायला सांगायला हवे. मलमाचा गुण यायला तीन महिने लागू शकतात, तोवर घाई नको, हे दोघांनी एकाच खोलीत ऐकलेले बरे.